लेकीनं उतरवलेलं विमान

आज तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास सुटला अन् मी मनानं थेट नागपूरच्या विमानतळावर पोचले. लई वर्षं झाली त्याले. माझी शालू तिथं नवीनच नोकरीले लागली होती. उतरणारं विमान किती उंचीवर आहे ते पाहायचं, अन् कधी खाली यायचं ते पायलटले सांगायचं, हे तिचं काम. मी पुण्याहून पहिल्यांदाच विमानानं येत होते. फोनवर शालू म्हणे, "माय, आज तुले मीच उतरवतो."

खिडकीतून टिनाची घरं दिसू लागली, जमीन अगदी हाताशी आली, अन् एकदम विमान पुन्हा वर चढलं. शेजारचे गृहस्थ घाबरले. "काय झालं असंल हो?"

"काही नाही भाऊ. खाली माझी पोरगी हाय, तिनंच सांगितलं असंल."

तोंडानं बोलले खरी, पण मनात आलं, पोरगी नवी, तिचं काही चुकलं तर नसंल?

दुसऱ्या खेपेले विमान अलगद टेकलं. ड्युटी संपवून शालू हसतच बाहेर आली. "धावपट्टीवर दुसरं विमान होतं, मंग तुले वर फिरवलं. माय असली तरी रांगेतच येईल ना."

आता वाटते, मायले माघारी पाठवताना तिनं आवाज जराही हलू दिला नसंल.

मंग तिनं आपल्या डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला अन् पाण्यासंगं माझ्यावरून ओवाळला. गावी अनसिंगले ती हॉस्टेलातून आली की मी दारात ओवाळायची, तसाच. लोक पाहून राह्यले होते.

"इथं दार कुठं हाय वं?" मी म्हटलं.

"हेच माझं दार, माय."