पडवीचं जोतं

घराला एखादी खोली जोडताना तुम्ही शेजाऱ्याला विचारता, की नुसतं कळवता?

मी कळवलंही नव्हतं. घरमालकाने फोनवर विचारलं, "शेजारी ठीक?" आणि मी म्हणाले, "हो, हो, ठीक." भिंतीपलीकडच्या बाईंशी तोवर मी चार वाक्यंही बोलले नव्हते. मालकाने नगरपालिकेची परवानगी आणून दिली आणि कागदावर सगळं सरळ झालं.

माझ्यासारखीने असं वागावं, हे मला अजून टोचतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये होते. मला अक्षरं कळली ती पत्रकांवरची. शाळेतून आलं की ओट्यावर बसून पत्रकांच्या घड्या घालायच्या, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण आप्पांशी दोन शब्द बोलूनच पुढे जायचा. पंधराव्या वर्षी मी स्वतः घुंघट आणि पडद्याविरुद्ध एक पत्रक लिहिलं आणि एस.टी. स्टँडवर उभं राहून वाटलं. एका आजोबांनी ते माझ्यासमोर फाडलं, तर मी त्यांना दुसरं दिलं.

आता मी ओमानमधल्या रुस्ताक गावी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. नवरा मस्कतच्या गाला भागात एक वर्कशॉप सांभाळतो आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. आई गेल्यावर आप्पांना मी इकडे आणलं. ते दिवसभर हॉलमध्ये एसीखाली बसायचे. एकदा म्हणाले, "घर चांगलं आहे गं. पण इथं माणूस दिसत नाही."

म्हणून पडवी. कडक उन्हाळ्याचे महिने सोडले तर बाकी वर्षभर बसता येईल अशी. दवाखान्याच्या कॅलेंडरच्या पाठीमागे मीच नकाशा काढला. वर उष्णता अडवणारे जाड पत्रे, तीन बाजूंना मच्छरजाळी, जाळीमागे सरकत्या काचा, म्हणजे धुळीच्या वाऱ्यात आणि जानेवारीच्या गारठ्यात त्या ओढून घेता येतील. ॲल्युमिनियमची फ्रेम नवरा गालाहून पिकअपवर टाकून आणणार होता. घराची फरशी अंगणापासून दोन फूट वर आहे. पडवीचं जोतं मी आणखी दोन फूट चढवलं.

मिस्त्री रायगडकडचे, साठीला आलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

"ताई, येवढा उंच कशाला? खाली गाढव बांधनार हाय का?"

"ओटा उंचच असतो, चाचा. बसल्या जागी माणसं दिसली पाहिजेत."

"तेच बोलतो मी. मानसा दिसतील." ते शेजारच्या भिंतीकडे बघत होते. मी कागदाकडे.

"मग?"

"मग काय नाय. घर तुमचा, मर्जी तुमची. यल्ला, चला, सिमेंट मागवा."

दिवाळीच्या आधी पडवी उभी राहिली. आप्पांनी पहिल्याच संध्याकाळी खुर्ची मांडली, आणि आजवर आम्हाला फक्त ऐकू येणारं अंगण त्यांना दिसलं. लिंबाच्या झाडाखाली चटई पसरलेली, कॉफीची किटली, एक म्हातारी, दोन-तीन सुना-लेकी, पोरं. आप्पांना इतका आनंद झाला की ते उठून उभे राहिले आणि कारखान्याच्या गेटवरच्या सभेत करायचे तसा उजवा हात उंच करून मोठ्याने म्हणाले, "सलाम आलेकूम!" एका पोराने हात हलवला. बायका आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी चटई पडली नाही. आठवड्याभरात पलीकडून आवाज येणंच बंद झालं. दोरीवर फक्त पुरुषांचे पांढरे डगले वाळत असायचे.

"माणसं बुजरी आहेत," आप्पा म्हणाले. "होईल सवय."

जाळीचा एक कोपरा सुटला होता तो बसवायला चाचा आले. काम संपल्यावर चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "ताई, रागावू नका. त्या घरच्या बायका आता बाहेर बसत नाय. काकांचा डोका तिकडनं सगला दिसतो."

मला राग आलाच. "आम्ही काय वाईट नजरेने बघतो का? एवढं काय आहे त्यात? बाईने मोकळ्या हवेत बसायला घाबरावं का?"

"काका चांगले हायत. पन त्यांना कसा कलनार, काका चांगले हायत?" त्यांनी कप खाली ठेवला. "मी नाय कधी सांजचा वर चढलो. येवढा काम केला, सगला दुपारच्या आत आटपला. तुमच्या ध्यानात नाय आला?"

नव्हतं आलं. मला वाटलं होतं, चाचांना लवकर घरी जायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मी चिवड्याचा डबा घेऊन पलीकडे गेले. मनात भांडणच होतं, खरं सांगते. बाहेर इतकी सुंदर हवा, आणि आत एका हॉलमध्ये एसी लावून, दारं लावून सगळं घर बसलेलं. म्हातारीने माझा हात धरून मला शेजारी बसवलं. दुकानदारांशी बोलून शिकलेली तिची हिंदी माझ्याहून चांगली होती. कॉफी आली, खजूर आले. तक्रारीचा एक शब्द नाही.

"अब्बाजी बरे आहेत ना?" तिने विचारलं. "आम्ही दिसलो की उठून उभे राहतात. गुडघ्यांना त्रास होत असेल."

मी सरळच विचारलं, बाहेर का बसत नाही?

सुनेने सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "बसतो की. पण आता डोकं झाकून नीट बसावं लागतं, बेटी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या झाडाखाली केस वाळवते. ही तिथेच पोराला पाजायची. आता बाहेर गेलं की दुसऱ्याच्या घरी पाहुणी आल्यासारखं वाटतं."

मी म्हटलं, मला अंगण बघू द्या.

लिंबाखाली जाऊन वर पाहिलं, तर भिंतीच्या वर माझी पडवी सभेच्या व्यासपीठासारखी उभी. काचांवर संध्याकाळचं ऊन. मधोमध आप्पा, वर्तमानपत्र घेऊन. त्यांचा दूरचा चष्मा नाकावर नव्हता. झाडाखाली कुणी बाई दिसली तसे ते उठले आणि त्यांनी हात उंच केला.

मी झाडामागे झाले. ठरवून नाही, पाय आपोआप मागे गेले आणि ओढणी डोक्यावर आली. घुंघटाविरुद्ध पत्रक लिहिलेली मी लिंबाच्या खोडामागे लपले होते, आणि समोर माझा बाप होता.

आधी सून हसली. मग सासू हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मला हसावंच लागलं.

घरी आले तर आप्पा म्हणाले, "शेजारी कुणी नवीन पोरगी आली आहे. लाजरी दिसते."

"ती मी होते, आप्पा."

त्यांनी दूरचा चष्मा शोधून डोळ्यांवर लावला. मग म्हणाले, "मी खुर्ची फिरवून बसतो."

"तुम्ही पाठ केली आहे हे त्यांनी रोज डोकावून बघायचं का?"

यावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "कारखान्यात मालकाची केबिन अशीच वर असायची," ते म्हणाले. "काचेची. आत कुणी नसलं तरी मागावर काम करताना मान वर व्हायची. तीस वर्षं मी त्या काचेविरुद्ध बोललो." मग चिडून म्हणाले, "बघत काय बसलीस? मिस्त्रीला फोन लाव."

चाचांनी काँक्रीट फोडायचा ब्रेकर आणला आणि एकदाही 'मी सांगितलेलं' म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "आता काढू का खाली गाढव?" जोतं चार फूट उतरून अंगणाच्या पातळीला आलं. छप्पर त्याच्याबरोबर खाली. घरातून दोन पायऱ्या, आप्पांच्या गुडघ्यांसाठी कठडा. फ्रेम पुन्हा कापावी लागली, त्यात नवऱ्याच्या सुट्टीचे दोन शुक्रवार गेले आणि तो माझ्याशी मोजकंच बोलला. सगळं झाल्यावर पलीकडे सून झाडाखाली उभी राहिली आणि इकडे आप्पांना आम्ही हात वर करून उभं केलं.

"दिसतंय का?" मी भिंतीवरून ओरडले.

"बोटं दिसतात."

"बोटं चालतील का?"

पलीकडे थोडी चर्चा झाली. "बोटं चालतील."

तरी पुढचे तीन दिवस पलीकडे शांतता होती. मला वाटलं, संपलं. एकदा मोडलेली सवय कोण पुन्हा लावून घेणार? मी कामावरून आले की आधी कान देऊन उभी राहायची, आणि काही नाही.

चौथ्या दिवशी आप्पा पडवीत बसले होते, मी भाजी निवडत होते. पलीकडे कुणीतरी चटई झटकली. मग कपाला कप लागला. मग एक पोर किंचाळलं, त्याला कुणीतरी रागावलं, आणि म्हातारीचं ते खोकल्यासारखं हसू आलं. आप्पांचा हात उचलला गेला होता. तो त्यांनी डोक्यावरून फिरवला आणि खाली घेतला. मी हातातली मेथी तशीच ठेवली आणि कितीतरी दिवसांनी पाठ टेकून बसले.

तुम्ही यंदा गच्चीवर शेड घालणार असाल, बाल्कनी वाढवणार असाल, अंगणात खोली काढणार असाल, तर नकाशा घेऊन आधी पलीकडे जा. हॉलमध्ये चहा घेऊन परतू नका. त्या घरातली बाई केस वाळवायला कुठे बसते ते विचारा, थोडा वेळ तिथे बसा, आणि तिथून तुमच्या घराकडे बघा. मिस्त्रीला त्यानंतर बोलवा.