बापाचा अंगठा आणि खराब डिस्क

मुरबाडकडच्या आमच्या पाड्यावर बाप वनखात्याच्या जागेत नाचणी पिकवायचा. सातबारा नव्हता, म्हणून दरवर्षी कुणीतरी येऊन बांध मोडून जायचं. बाकीचे महिने तो दुसऱ्याच्या मळ्यात पाण्याची मोटार चालवी. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, शहापूरला कॉम्प्युटर सेंटरात नोकरीला होतो.

वनहक्काचे दावे निघाले तेव्हा किती वर्षं जमीन कसतोय त्याचा जबाब बापाने दिला, खाली अंगठा उठवला. तो कागद घेऊन बाप सेंटरात आला, मी तिथल्या कॉम्प्युटरवर स्कॅन करून ठेवला. निघताना बापाने मेन स्विचचा दांडा खाली ओढला. मळ्यातून निघताना तो रोज तसंच करायचा. मशीन चालू होतं. तेव्हापासून डिस्क टकटक करू लागली.

भात झोडपायच्या दिवसांत बाप गेला. वनहक्क समितीला द्यायला पत्र्याच्या पेटीतला मूळ कागद काढला, तर तो वाळवीने खाल्लेला निघाला. आई म्हणाली, "तुज्या त्या डब्यात हाय ना रे?"

डिस्क उघडेना. ती काढून सेंटरातल्या दुसऱ्या, लिनक्स सिस्टिमवर चालणाऱ्या मशीनला जोडली. एक तुकडा खराब लागला की लिनक्स आजूबाजूचे चांगले तुकडेही सोडून देई. एकेक तुकडा थेट डिस्कवरून वाचायची सोय त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, होती. पण बंद ठेवलेली. ती चालू केली आणि कर्नल नव्याने बांधायला घेतला. मशीन जुनं, त्यात लोडशेडिंग. लाइट गेली की काम थांबे, आली की उरलेलं पुढे.

सेंटरचे मालक म्हणाले, "ग्रॅज्युएट झालास ते स्क्रीनवर अक्षरं सरकताना बघायला काय रे?"

"हां," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी कर्नल तयार झाला, पण मशीन जुन्याच कर्नलवर सुरू झालं. नवा कुठे ठेवलाय ते सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला सांगायचंच राहिलं होतं. सांगितलं. मग डिस्क तुकड्यातुकड्याने दुसऱ्या डिस्कवर उतरवली.

जबाबाच्या मधल्या दोन ओळी करड्या आल्या. अंगठा पुरा होता. छापून आईला दाखवला.

"त्यांचाच हाय," ती म्हणाली. "मधी कोयत्याची खूण बघ."

तिने कागद घडी न घालता धरला.

समितीने ती प्रत ठेवून घेतली. पुढे जमिनीच्या हक्काचा कागद आईच्या नावाने निघाला. ती प्रत ज्या कर्नलमुळे निघाली, तो मी स्वतः बांधला होता.