अंगणातल्या भट्टीचा तंटा

ग्वालेग्वाय गावात देल्मिराने एकतीस वर्षं संसार केला, म्हणजे एवारिस्तोचं बोलणं ऐकलं. तो केस कापायचा. मानेशी वस्तरा असल्यावर गिऱ्हाईक काय मध्ये बोलणार! तीच सवय तो घरी घेऊन यायचा.

साठी ओलांडल्यावर देल्मिराने सांगून टाकलं, "मला घटस्फोट हवाय."

"का? मी तुला कधी काही बोललो?" असं विचारून एवारिस्तो तासभर बोलला.

शेवटी तोही राजी झाला. अडलं ते अंगणातल्या मातीच्या भट्टीपाशी. भट्टी बांधली त्याने, तिच्यात एम्पानादा, म्हणजे सारण भरलेल्या करंज्या, भाजून विकायची देल्मिरा. आणि भट्टी काही उचलून नेता येत नव्हती. देल्मिराचा वकील भाचा तर हरखूनच गेला. "मावशी, कोर्टात खेचू! चार वर्षांत निकाल!"

"चार वर्षं? मग नवराच राहू दे की. निदान घरी बसून भांडता येईल."

ती एवारिस्तोला घेऊन मध्यस्थीला गेली. मध्यस्थ सुलेमाबाई पूर्वी शाळामास्तरीण होत्या. भांडणारी पोरं आणि भांडणारे म्हातारे त्यांना सारखेच. नियम एकच: एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं.

एवारिस्तोने नदीवरून माती कशी आणली इथपासून सुरुवात करून चाळीस मिनिटं खाल्ली. मग देल्मिरा बोलू लागली.

"अगं, ते तसं नव्हतं..."

"तुमची पाळी झाली," सुलेमाबाई म्हणाल्या. हे तीनदा झालं. चौथ्यांदा त्याने स्वतःच टोपी तोंडावर दाबली.

"आई गेली त्या दिवशी मी भट्टीपाशी रडले," देल्मिरा म्हणाली. "धुरामुळे तू तिकडे फिरकायचा नाहीस. तेवढीच माझी शांत जागा."

टोपी खाली आली. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू श्वास घ्यायला थांबला असतास, तर सांगितलं असतं."

सुलेमाबाईंना एकाएकी खिडकीबाहेर फार महत्त्वाचं काहीतरी दिसलं.

तिसऱ्या बैठकीत कागदावर सह्या झाल्या. भट्टी तिची, त्याला दर शनिवारी डझनभर एम्पानादा, त्याही कुंपणावरून. पुढे न्यायाधीशाने मंजुरी दिली. भाचा महिनाभर मावशीशी बोलला नाही.

पहिल्या शनिवारी एवारिस्तो कुंपणाशी आला. "कशी आहेस?" त्याने विचारलं, आणि चक्क उत्तराची वाट बघत उभा राहिला.

"बरी आहे," एवढंच तिला सुचलं. आत जाताना मात्र तिचा संताप संताप झाला. मेल्याला हे आत्ता जमलं होय!