ऐकणारा नट

सरांच्या सत्काराला मंचावर त्यांचे चार नामवंत विद्यार्थी होते. चौघांची लांबलचक भाषणं सर मान किंचित कलती करून ऐकत होते. नाटकांतून जन्मभर त्यांनी तेच केलं. कधी नायकाचा बाप, कधी डॉक्टर. काम एकच, नायकाचं ऐकायचं. वर्गात आम्हाला बजावायचे, "स्वतःचं वाक्य कुणीही म्हणतो रे. दुसऱ्याचं ऐकता आलं, तर तू नट."

मग सर बोलायला उठले आणि चौघांनीही मोबाइल काढले. सरांनी तिकडे एकदा पाहिलं, पाचच मिनिटं बोलले आणि बसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरी येऊन बायकोला सगळं तावातावाने सांगितलं.

"पण सर काय बोलले?" तिने विचारलं.

मला एक शब्द आठवेना. मी त्या चौघांकडेच बघत बसलो होतो.