धक्का कुठे लागला?

आमच्या घरात पहिली पदवी माझी, त्यामुळे डॉक्टरांशी बोलायचं काम कायम माझ्याकडे. बाबांच्या खांद्यासाठी साकेत नगरला फिजिओथेरपीला जायचो, तेव्हा शेजारच्या बाकावर ते भेटायचे. पोलीस रंगरूटांना पिस्तूल चालवायला शिकवणारे हवालदार, मूळचे ग्वाल्हेरचे. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने त्याची बोटं सारखी मिटवत बसायचे, पिस्तूल धरल्यासारखी.

"पहिली गोळी सुटली की मी प्रत्येकाला विचारतो, धक्का कुठे लागला?" ते एकदा म्हणाले. "कोणी म्हणतं तळव्यात, कोणी कोपरात. एक पहलवान म्हणाला, सर, दातांत! आणि एक काडीसारखी पोरगी म्हणे, बस इतना ही?"

"आणि तुम्हाला कसा लागतो?"

"जुन्या दोस्ताने हात मिळवल्यासारखा." मग हाताकडे बघून म्हणाले, "याला जाणीव आली तर पुन्हा रेंजवर, भैया. नाही तर दफ्तरात बसवतील."

त्या दिवशी थेरपिस्ट बाई छोटी रबरी हातोडी घेऊन आल्या. हवालदारांना डोळे मिटायला लावले. म्हणाल्या, "अंकल, जहाँ लगे, वहाँ बताना."

ते ताठ बसले. श्वास रोखला. रेंजवर रोखत असतील तसाच.

"हथेली में!" ते मोठ्याने म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हातोडी अजून त्यांच्या हातातच होती, वर उचललेली.