बोलाची कढी, मिलोची भाकर

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात अहमदपूर-कंधार भागातल्या दुष्काळी कामावर केवळाबाईनं एक खेळ काढला होता. तिनं एक अक्षर सांगायचं आणि खडी फोडणाऱ्या बायकांनी पाळीपाळीनं त्या अक्षराचा आपल्या आवडीचा पदार्थ सांगायचा. कुठल्याही मुलखातला चालायचा, फक्त रोज पोटात जाणारा नको. म्हणजे मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी बाद. अमेरिकेतून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी खाऊन सगळ्या विटल्या होत्या. तिचं खेळातसुद्धा नाव नको, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

केवळाबाईला अक्षरं येत होती, कारण बापानं धम्म घेतला त्याच साली तिला हाताला धरून शाळेत बसवलं होतं. परमुलुख ठाऊक होते ते भावामुळं. दगडोबा फौजेत होता, मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, राहून आला होता. ख आला की केवळाबाई मिसरातली खजूर भरलेली बिस्किटं काढायची. ड आला की हैदराबाद पाहिलेली भामाबाई तिथला पावाचा डबल का मीठा तुपात बुडवायची. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, पण हातोडे भराभर चालायचे आणि मुकादमही कान देऊन ऐकायचा.

वाढायचं काम मात्र केवळाबाईचं. जिचा पदार्थ असेल तिनं ओंजळ पुढं करायची आणि केवळाबाईनं तीत हवेतून वाढायचं. या नियमात तिची एक खोच होती. कुणापुढं ओंजळ धरू नको, असं बापानं बजावलं होतं. पण त्या साली गावात पाणी उरलं होतं ते एकट्या पार्वतीबाईंच्या विहिरीत. रोज संध्याकाळी बौद्ध वस्तीतल्या बायका तिथं घागरी ठेवून लांब उभ्या राहायच्या, गडी वरून पाणी ओतायचा, आणि तहान लागली तर ओंजळच धरावी लागायची. म्हणून खेळात तरी गावानं आपल्यापुढं ओंजळ धरावी, असं तिला वाटे. आणि गाव धरायचं तेव्हा मनातून भारी बरं वाटे.

पार्वतीबाईसुद्धा धरायच्या. घरची शेतीवाडी असून दुष्काळानं त्यांच्याही हातात हातोडा दिला होता. वाऱ्याला कसला आलाय विटाळ, असं म्हणून त्या हसायच्या. त्यांच्याशेजारी त्यांची सून सरजा बसायची, दिवस भरत आलेली. मिलो म्हणजे डुकराचा दाणा, तो आमच्या घरात शिजायचा नाही, असा पार्वतीबाईंचा हेका होता. त्यामुळं सासू-सुनेची सारी भिस्त कामावरच्या सुकडीवर. आणि सुकडीची गाडी कालही आली नव्हती, आजही नाही.

दुपारी केवळाबाईचं लक्ष सरजाकडं गेलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते, हातोडा दगडाऐवजी मातीत पडत होता. केवळाबाईच्या पदराला मिलोची भाकर बांधलेली होती. द्यावी, तर पार्वतीबाई भडकणार आणि उद्यापासून सगळ्या वस्तीला विहीर बंद. न द्यावी, तर दोन जीव डोळ्यांदेखत जाणार. तिनं अक्षर सांगितलं, ग.

भामाबाईनं गूळपोळी सांगितली. सरजाची पाळी आली तेव्हा ती कशीबशी 'गुळवणी' एवढंच म्हणाली आणि सवयीनं तिनं ओंजळ पुढं केली. केवळाबाई उठली, पदराची गाठ सोडली आणि त्या ओंजळीत भाकर ठेवली.

हातोडे थांबले. सरजा भाकरीकडं बघत राहिली, मग सासूकडं. तिला टाकवेना, खाववेना.

"केवळे, काय करून राहिलीस?" भामाबाई कुजबुजली.

"वाढून राहिले," केवळाबाई म्हणाली. डोळ्यांपुढं वस्तीतल्या कोरड्या घागरी दिसत होत्या, तरी तिनं मान खाली घातली नाही.

पार्वतीबाई उठून सुनेपाशी आल्या. भाकरीकडं पाहिलं, सुनेच्या पोटाकडं पाहिलं.

"खा," त्या शेवटी म्हणाल्या. "खेळातलंच हाय ते." आणि पाठ फिरवून दगड फोडायला बसल्या.

सरजानं कण न् कण खाल्ला. केवळाबाईचा जीव भांड्यात पडला, पण काळजात कळही उठली. भूक खरी, भाकर खरी, आणि तरी त्या भाकरीला खेळ म्हणावं लागलं. संध्याकाळी विहिरीवर पाणी मिळालं, रोजच्यासारखंच वरून. पुढं गाडी चुकली की केवळाबाई जास्तीची भाकर न्यायची आणि सरजा ओंजळ धरायची. सरजाला मुलगी झाली. पाऊस आला, काम सुटलं, खेळही सुटला. त्यानंतर वाटेत भेटल्या तर पार्वतीबाई ओळख देत नसत. केवळाबाईला राग यायचा, आणि तो तिनं गिळला नाही, जपून ठेवला.

लातूर जिल्हा झाला, अहमदपूर त्यात गेलं आणि नव्या कचेऱ्या उघडल्या. त्यातल्या एकीत केवळाबाई लोकांना पाणी द्यायच्या कामावर लागली. पुढच्याच उन्हाळ्यात पार्वतीबाई नातीच्या दाखल्यासाठी तिला घेऊन व्हरांड्यातल्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. मागं-पुढं गावचीच माणसं होती. केवळाबाईनं माठातून ग्लास भरून पुढं केला. पार्वतीबाईंनी वर पाहिलं, ओळखलं, आणि ग्लासाला हात न लावता ओंजळ पुढं धरली.

केवळाबाईचा हात थांबला. नोकरी नवी होती.

"काकू, आता खेळ न्हाई," ती म्हणाली. "गलास धरा."

आजीचं तोंड बघत नात उभी होती. पार्वतीबाईंनी नातीकडं पाहिलं. मग त्यांची ओंजळ हळूहळू सुटली. त्यांनी ग्लास घेतला आणि सगळ्यांदेखत तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला.

"अजून एक दे, केवळाबाई," त्या म्हणाल्या. आजवर त्यांनी तिला कधी बाई म्हटलं नव्हतं. "ह्या पोरीला पाज. तिच्या मायनं तुझ्या हातची भाकर खाल्ली, म्हणून ही हाय. खरीच होती ती भाकर."