बोरीला नेलेली भैरवी

मी परभणी स्टेशनवर उतरले तेव्हा छातीशी दुपट्ट्यात गुंडाळलेली एक रेकॉर्ड होती. आदल्या दिवशी बोरीहून मामांचा फोन आला होता. "हार्टचं ऑपरेशन ठरलंय. माझी रेकॉर्ड घेऊन ये. शेवटचं गाणं ऐकायचंय."

हैदराबादला शिकताना मामांनी घेतलेली ही अमेरिकन कंट्री रॉकची तबकडी. मी पुण्याला निघाले तेव्हा त्यांनी ती मला दिली. पण शेवटचं गाणं त्यांनी घरात कधीच वाजू दिलं नव्हतं. त्याआधीच सुई उचलायचे. म्हणायचे, "ती भैरवी हाय. भैरवी झाली की बैठक उठती." मीही पुण्यात तोच नेम पाळला. आणि आता हे स्वतःच भैरवी मागताहेत! मला धडकीच भरली.

बोरीवरून जाणाऱ्या जिंतूरच्या एसटीत शेजारच्या मावशींनी माळव्याची (भाजीपाल्याची) पाटी माझ्या मांडीवर टेकवली.

"अहो, फुटेल!" मी ओरडलेच.

"काय हाय गं त्यात, आरसा?"

"गाणं आहे."

"मग एवढं कामून (का) भ्यायलीस?" त्या हसल्या. बाहेर दुतर्फा कापूस फुटला होता, पण माझं कशात लक्षच नव्हतं.

बोरीला पोचल्यावर मामींनी धपाटे आणि दही वाढलं. मामा खुर्चीत, निम्मे झालेले.

"लाव."

"मामा, दुसरं ऐकू या ना."

"लाव म्हन्लं ना!"

मी तबकडी मशीनवर चढवली आणि शेवटच्या गाण्यावर सुई ठेवली. बाकीची गाणी झिजून खरखरायची. हे मात्र कोरं, लख्ख. एक गिटार आणि एक थकलेला गळा. मामांनी डोळे मिटले. गाणं संपलं, तबकडी नुसतीच फिरत राहिली. मामा हलेनात.

"मामा?" मी त्यांचा खांदा हलवला.

"एवढंच व्हय?" डोळे न उघडता ते म्हणाले. "आन् मी उगाच इतकी वर्सं भ्यालो. उलटव. पयली बाजू लाव."

ती बाजू निम्मी झाली तेव्हा त्यांनी हात वर केला. "थांबव. ऱ्हाऊ दे तशीच."

सकाळी जीपने त्याच रस्त्याने परभणीला निघालो. येताना गाण्याची भीती वाटत होती, आता दवाखान्याची. ही दुसरी भीती मोठी होती, पण या खेपेला मामांचा हात माझ्या हातात होता. शहर जवळ आलं तेव्हा मला एकदम आठवलं.

"मामा, रेकॉर्ड मशीनवरच राहिली!"

"ऱ्हाऊ दे गं," मामा म्हणाले. "अर्धीच झालीय."